घराच्या भिंती मशीनने धुणे आणि रंगाची पूर्वतयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सांगलीचे. कामं मिरज-तासगावपासून कराड, सातारा, वाई-पाचगणीपर्यंत घेतो. गणपती उठले की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते लोक विचारतात तसेच इथे मांडले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रेशर वॉशिंग म्हणजे वॉशिंग सेंटरवर गाडी धुतात तेच ना?

पंप तोच, वापरायची रीत वेगळी. मशीनचा दाब बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये मोजतात. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. घरगुती मशीन १०० ते १३० बारचं असतं आणि मिनिटाला सहा-सात लिटर पाणी टाकतं. आमची मशीनं १५० ते २०० बारची, मिनिटाला बारा-पंधरा लिटरची. बघणाऱ्याला दाबाचं कौतुक वाटतं. पण घाण सुटते ती आधी नीट भिजल्यामुळे, आणि वाहून जाते ती पाणी भरपूर असल्यामुळे. दाबाचा नंबर त्यानंतर.

नोझलचे रंग ठरलेले आहेत. लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी एकच धार. पिवळा १५, हिरवा २५ आणि पांढरा ४० अंशांचा पंखा टाकतो. काळा नोझल साबण मारायला. रंगवलेल्या गिलाव्यावर आम्ही पांढराच लावतो, तोही दाब ६०-८० बारवर आणून आणि फूट-दीड फुटावरून. लाल नोझल आमच्या पेटीत नाही. कुणी तो तुमच्या भिंतीवर लावायला निघाला तर काम तिथेच थांबवा.

२. रंग द्यायचाच आहे, मग आधी धुवायचं कशाला? वरून रंग मारला की झाकलं जाईल की.

तळहात भिंतीवरून जोरात फिरवा. हाताला पिठासारखी पांढरी भुकटी लागली तर जुना रंग वरून मेलेला आहे. नवा रंग त्या भुकटीला चिकटेल, भिंतीला नाही, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरून खाली येईल. शेवाळाचंही तसंच. वरून रंगवलं की ते आत जिवंत राहतं आणि ओल मिळाली की रंगातून डोकं वर काढतं.

पण मशीनच हवं असं काही नाही. बैठं, दोन खोल्यांचं घर असेल तर तारेचा ब्रश, बादली आणि दोन माणसं एका दिवसात तेच काम करतात. आमचं गिऱ्हाईक कमी होईल, पण खरं तेच आहे.

३. कोणत्या महिन्यात धुवावं?

धुणं आणि रंगवणं ही दोन वेगळी कामं धरा, म्हणजे उत्तर सोपं होतं. पाऊस संपतो तेव्हा शेवाळ ओलं आणि मऊ असतं, हलक्या दाबाने निघतं. तेच फेब्रुवारीपर्यंत वाळून काळी खपली होते, मग भिजवत बसावं लागतं. त्यामुळे धुवायला पाऊस उघडल्यानंतरचे पहिले आठवडे उत्तम. रंग मात्र भिंत वाळल्यावर.

सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत एकच तारीख सगळ्यांना लागू होत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-आटपाडीकडे पाचशेच्या आतबाहेर. महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडच्या घरांना आम्ही नोव्हेंबरशिवाय हात लावत नाही. पूर्वेकडे शेवाळाचा त्रास नसतोच, तिथे धूळ असते. कोरडा झाडू आणि थोडं पाणी यावर भागतं.

मे महिन्यात धुवायचं असेल तर पहाटे सहाला सुरुवात करा आणि सावलीबरोबर घराभोवती फिरा. तापलेल्या भिंतीवर शेवाळाचं औषध (प्रश्न ५) मारलं की ते काम करायच्या आतच वाळतं आणि पांढरे ओघळ सोडतं.

गावाजवळ साखर कारखाना असेल तर या उत्तरात थोडा फरक पडतो, प्रश्न १२ पाहा.

४. धुतल्यावर किती दिवसांनी रंग लावायचा? रंगारी म्हणतो दुसऱ्या दिवशी चालतं.

चालत नाही. कडक ऊन असेल तर किमान तीन दिवस. उत्तरेच्या भिंतीला आणि झाडाच्या सावलीतल्या भिंतीला आठवडा, कधी जास्त. वरून भिंत तासाभरात कोरडी दिसते, पण गिलाव्याने पाणी आत ओढलेलं असतं. वर रंगाचा थर बसला की ते पाणी उन्हाने वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि रंगाला फोड येतात.

खात्री करायची साधी युक्ती आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी काढून बघा. आतून थेंब दिसले किंवा भिंत काळपट पडली असेल तर थांबा. सगळ्यात सावलीची जागा निवडा. दक्षिणेच्या भिंतीवर केलेली परीक्षा उत्तरेच्या भिंतीच्या उपयोगाची नाही.

सुरुवातीच्या काळात आम्ही हे पथ्य मोडलं होतं. दिवाळी चार दिवसांवर, घरमालकाकडे पाहुणे यायचे होते. गुरुवारी धुतलं, शनिवारी रंग सुरू. घर झकास दिसलं. मार्चमध्ये उत्तरेकडची अख्खी भिंत फोडांनी भरली आणि ती आम्ही पदरचे पैसे घालून परत केली. तेव्हापासून दिवाळी जवळ आली की आम्ही एवढंच विचारतो: रंग दिवाळीआधी हवा की पाच वर्षं टिकणारा हवा?

५. शेवाळ दरवर्षी त्याच जागी येतं. कायमचा उपाय काय?

त्याच जागी येतं म्हणजे पाणी त्याच जागी येतं. आधी ते शोधा. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. गच्चीच्या कठड्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता असतो आणि सगळं पाणी भिंतीवर ओघळतं. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसते, त्यामुळे थेंब खाली न पडता मागे वळून भिंतीला लागतो. नाहीतर संडास-बाथरूमचा पाइप सांध्यातून झिरपत असतो. हे दुरुस्त न करता धुणं म्हणजे दरवर्षी आम्हाला पैसे देणं.

उपचाराला सोडियम हायपोक्लोराइट वापरतो. बाजारात ते १० ते १२ टक्क्यांचं मिळतं. एक भागाला दहा भाग पाणी घातलं की भिंतीपुरतं पुरे. कॅन जुना किंवा उन्हात ठेवलेला असेल तर जोर गेलेला असतो. हलक्या पंपाने खालून वर मारत जायचं, म्हणजे कोरड्या भिंतीवर ओघळ उठत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग वरून खाली धुवायचं. हिरवं शेवाळ डोळ्यांदेखत तपकिरी-पांढरं पडतं. मशीनचं काम फक्त मेलेलं वाहून न्यायचं. भिंत वाळल्यावर शेवाळरोधक द्रावणाचा एक हात द्या, तो मात्र धुवायचा नाही.

पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भिंतीवरच जास्त का? पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते आणि उत्तरेची हिवाळाभर ऊन बघत नाही.

६. ॲसिड मारलं की स्वस्तात स्वच्छ होतं म्हणे?

ॲसिड सिमेंट खातं. फेस येतो तो घाणीचा नव्हे, तुमच्या गिलाव्याचा. वरची कातडी गेली की भिंत खरबरीत होते आणि पुढच्या पावसात दुप्पट शेवाळ धरते. शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांची चकाकी एका हातात जाते.

हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकाच बादलीतूनसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बाथरूमसारख्या बंद जागेत तो जिवावर बेततो.

७. दारातली तुळस, झाडं, गोठ्यातली जनावरं यांना त्रास होईल का?

काळजी नाही घेतली तर होईल. औषध मारण्याआधी झाडं आणि खालची माती साध्या पाण्याने तुडुंब भिजवायची, म्हणजे ती औषध कमी ओढतात. काम झाल्यावर पुन्हा पाणी. वृंदावन हलवता येत नसेल तर प्लास्टिकने झाकून काम झाल्या झाल्या उघडायचं; उन्हात तासन्‌तास झाकलं तर तुळस उकडून जाते, औषधाने नव्हे. जनावरं दुसरीकडे बांधा, डोणीतलं पाणी ओतून द्या. गच्चीवरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत किंवा बोअरमध्ये सोडलं असेल तर तो पाइप त्या दिवशी बंद. विहीर भिंतीला लागून असेल तर औषध वापरतच नाही, ब्रशने काम करतो.

८. जोत्याच्या वर दोन-तीन फूट पांढरी पावडर येते. कितीदा धुतलं तरी परत.

तो लोणा. धुता म्हणूनच परत येतो. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, सोबत क्षार आणते; पाणी उडून जातं, क्षार राहतात. धुतलं की ते विरघळून पुन्हा आत जातात.

कोरड्या ब्रशने झाडा, खाली प्लास्टिक अंथरून भुकटी गोळा करून बाहेर टाका. आठ-दहा दिवसांनी पुन्हा झाडा. येणं कमी झालं की मग ओल कुठून येते ते बघा: भिंतीला लागून मातीचा भराव, बागेचं पाणी, फुटकी गटार. मऊ झालेला गिलावा खरवडून नवा करावा लागतो. लोणा आलेल्या भिंतीवर पुट्टी लावणाऱ्याला पैसे देऊ नका.

९. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवरून जात नाही. काय करावं?

सांगलीकरांचा हा प्रश्न बाहेरच्यांना कळणार नाही. २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातल्या कितीतरी घरांत ती रेघ अजून पोपड्यांखाली आहे.

पाणी ओसरल्यावर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. गाळ ओला आहे तोवर साध्या नळीने निघतो. वाळला की सिमेंटसारखा बसतो. पण आधी वायरमनकडून लाइट तपासून घ्या, तोवर घरात मशीन लावायचं नाही. गमबूट आणि हातमोजे हवेतच, कारण त्या गाळात अख्ख्या गावाचं गटार असतं. वरून खाली धुवा आणि गाळ खोलीबाहेर ओढत न्या.

जुनं घर मातीच्या बांधणीचं, म्हणजे विटा किंवा दगड मातीत बसवलेले असतील, तर धार लावूच नका. पाण्यात राहून ती माती मऊ झालेली असते. आधी इंजिनिअरला दाखवा. अशा एका घराला आम्ही हात जोडून परत आलो होतो.

पुरात चार-पाच दिवस उभी राहिलेली विटांची भिंत आठवड्यात वाळत नाही. एक उन्हाळा जाऊ द्या. तोवर घर बरं दिसावं म्हणून चुन्याचा हात द्या, चुना ओल बाहेर जाऊ देतो. पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लगेच लावले तर प्रश्न ४ मधलेच फोड, पण अख्ख्या घरभर. भिंत वाळल्यावरही रेघ उमटत असेल तर डाग दाबणारा प्रायमर लागतो.

काही जण ती रेघ मुद्दाम ठेवतात आणि बाजूला साल लिहितात. तसं असेल तर आधी सांगा, आम्ही तेवढी जागा सोडून धुतो.

१०. वाईला आमचा जुना वाडा आहे. चुन्याचा गिलावा, खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. मशीन चालेल?

नाही. चुन्याचा जुना गिलावा हाताने वाजवला तर बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज येतो. तिथे धार लागली की परातीएवढा तुकडा खाली येतो. मातीच्या भिंतीबद्दल तर बोलायलाच नको.

मऊ ब्रश, थोडं पाणी, आणि पुन्हा चुनाच. सिमेंटचं ठिगळ आणि वरून प्लास्टिक पेंट हा वाड्यांना लागलेला रोग आहे. भिंतीतली ओल कोंडली जाते आणि पाच-सात वर्षांत आतली लाकडं कुजतात. सागवानी दार, कोरीव खांब यांवर मशीन फिरवू नका, लाकडाचे रेषे उभे राहतात. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय काहीच करता येत नाही.

११. दगडाला तर काही होत नाही ना? कंपाउंडची भिंत, फरशी, पेव्हर ब्लॉक?

दगड कोणता त्यावर आहे. आपल्याकडचा काळा पाषाण मशीनला दाद देत नाही, पण सांध्यातली दर्ज, म्हणजे दगडांमध्ये भरलेला मसाला, देते. जुनी दर्ज चुन्याची असेल तर दाब कमी. जांभा, जो पाचगणी-महाबळेश्वरकडे दिसतो, छिद्रांचा आणि ठिसूळ. त्याला मऊ ब्रशच बरा. शहाबादीला १०० बारपर्यंत हरकत नाही, फक्त ॲसिड नको. पेव्हर ब्लॉक १५० बार सहज सोसतात, पण सांध्यातली वाळू उडते. ती पुन्हा भरून घेतली नाही तर ब्लॉक हलायला लागतात. ते काम कोण करणार, हे आधी ठरवा.

१२. कारखान्याची काजळी गच्चीवर आणि भिंतीवर पडते. धुतली तर पसरते.

उसाच्या चिपाडाची राख हलकी आणि काळी असते. ओली करून घासली की भिंत काळवंडते. आधी कोरडी झाडून किंवा ब्लोअरने उडवून काढायची, मग भरपूर पाणी आणि कमी दाब.

खरी अडचण रंगाच्या वेळेची. पाऊस संपतो न संपतो तोच गाळप सुरू होतं. ओल्या रंगावर काजळी बसली की ती कायमची. चिमणी दिसण्याइतक्या अंतरावर घर असेल तर ऑक्टोबरात धुऊन ठेवा आणि रंग गाळप संपल्यावर, एप्रिलमध्ये द्या. मधल्या काळातली काजळी रंगाआधी कोरड्या झाडूने निघते. थांबणं शक्य नसेल तर प्रत्येक हाताआधी भिंत पुसून घ्यायची.

१३. हळदीच्या गोदामाची भिंत साबणाने धुतली तर लाल झाली! पानाचे डागही आहेत.

हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे आजीला माहीत होतं. साबण, सोडा आणि ताजा गिलावा या सगळ्यांत तोच क्षारगुण आहे. घाबरू नका, साध्या पाण्याने धुतलं की लाली उतरते. उरलेला पिवळा डाग ऊन खाऊन टाकतं. उन्हाची भिंत असेल तर महिनाभर नुसती सोडून द्या.

पानाचा डाग जिद्दी. हायपोक्लोराइटने फिका होतो, जात नाही. वर डाग दाबणारा प्रायमर द्यावा लागतो. जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या टाइल्स लावण्याचा उपाय मात्र आमच्या कुठल्याही औषधापेक्षा गुणकारी दिसतो.

१४. सिमेंटचे पत्रे आणि कौलं धुता का?

कौलं धुतो, पण वरच्या बाजूने, उताराच्या दिशेने. उलटी धार मारली की पाणी थेट माळ्यावर. सिमेंटचे जुने पत्रे धुत नाही. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. जोराच्या धारेने त्याचे तंतू सुटतात आणि पाणी वाळल्यावर हवेत उडून फुप्फुसात जातात. ते पत्रे घासूही नका.

१५. खिडक्यांवर वडिलांच्या काळातला ऑइलपेंट आहे. घासून काढू?

कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओला पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक, आणि लहान मुलं त्या दिवशी मामाकडे. मशीनने तो रंग उडवला तर त्याचे कण अंगणभर होतात.

१६. सोलर पॅनल, एसी, मीटरची पेटी?

सोलरवर मशीन नाही. मऊ कापड, गार वेळ. मीटर आणि एसीचं बाहेरचं युनिट झाकून भोवती हाताने.

१७. पाणी किती लागतं? आमच्याकडे टँकर येतो.

मिनिटाला बारा लिटरने तासाला ७२० लिटर. एकमजली बंगल्याला खटका दाबलेला वेळ मिळून तीन-चार तास होतो, म्हणजे सव्वादोन ते तीन हजार लिटर. जत-आटपाडीकडे टँकर चालू असताना आम्ही स्वतःच नको म्हणतो, प्रश्न ३ मधला कोरडा झाडू तिथे पुरतो. बोअरचं जड पाणी भिंतीला चालतं, काचांवर पांढरे ठिपके ठेवतं. काचा शेवटी नळाच्या पाण्याने पुसायच्या.

१८. मशीन भाड्याने आणून स्वतः केलं तर?

कंपाउंड, ओटा, पार्किंग खुशाल करा. शिडीवर चढून मात्र नाही. खटका दाबला की हातातली नळी मागे ढकलते आणि शिडी सुटते. वरच्या मजल्याला परांचीच हवी. मशीनला सोळा अँपिअरचं सॉकेट, अर्थिंगची तीन तारांची जाड वायर आणि बोर्डावर आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर सुरूच करू नका. धार हाता-पायाला लागली आणि जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखान्यात जा, पाणी कातडीखाली खोल गेलेलं असतं.

१९. नवीन बांधकाम आहे, गिलावा नुकताच झाला. धुऊन रंग देऊ?

नव्या गिलाव्याला मशीन नको. पाणी मारून झाल्यावर २८ दिवस जाऊ द्या, धूळ झाडा, प्रायमर द्या. वाळला की नाही हे प्रश्न ४ च्या प्लास्टिकने कळेल.

२०. दर काय?

फोनवर सांगत नाही, भिंत बघितल्याशिवाय कळत नाही. पण कुणाकडूनही घ्या, कागदावर एवढं असू द्या: माप चौरस फुटाचं की ब्रासचं (१ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट), खिडक्या-दारं वजा की नाही, औषध कोणतं, परांची आणि पाणी कुणाचं, आणि धुणं व रंग यांत किती दिवसांचं अंतर. शेवटची ओळ लिहायला नकार देणारा रंगारी दुसऱ्याच दिवशी ब्रश घेऊन येणार.

२१. धुताना खिडकीतून पाणी आत आलं. नुकसान कुणी भरायचं?

बंद खिडकीच्या चौकटीवर सरळ धार मारली असेल तर धुणाऱ्याने. चौकट आणि भिंत यांत आधीच फट असेल तर पावसातही पाणी येतच असणार. ते तुम्हाला माहीत असतं, आम्हाला नाही. म्हणून आदल्या दिवशी घरभर एकदा एकत्र फिरून फटी आणि तडे खडूने खुणावतो, मोबाइलवर फोटो काढतो. ही अर्ध्या तासाची फेरी दोघांच्याही फायद्याची.

२२. धुतल्यावर भिंत आधीपेक्षा वाईट दिसते. तुम्ही बिघडवली का?

हा फोन हमखास येतो, बहुतेक वेळा घरातल्या काकूंचा. खालचे दोन-तीन जुने रंग उघडे पडतात, पुट्टी भरलेल्या जागा दिसतात, केसासारखे तडे काळ्या रेघांनी उठून येतात. ते सगळं आधीपासून होतंच. गिलाव्याची वाळू उघडी पडली असेल किंवा नोझलच्या फिरण्याचे पट्टे उमटले असतील तर मात्र चूक आमची, ते भरून देतो.

भिंत अर्धवट वाळलेली असतानाच रंगाऱ्याला बोलवा. तडे तेव्हा ओले आणि काळे असतात, उघड दिसतात; पूर्ण वाळल्यावर शोधावे लागतात. खडूने खूण करून घ्या. रुंद तडे व्हीच्या आकारात खोलून भरायचे, बारीक प्रायमरनंतर. भरायला मात्र भिंत कोरडी झाल्यावरच हात लावू द्या.